गुडघा बरा झाला, पण कशामुळे?

अस्थिशल्यचिकित्सेतील कोणत्याही उपचाराच्या बाजूने सर्वांत सहज मिळणारा पुरावा म्हणजे बरा झालेला रुग्ण, आणि सर्वांत फसवा पुरावाही तोच. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तीन महिन्यांनी माणूस जिना चढू लागला, डॉक्टरांचे आभार मानून घरी गेला. यातले काहीच खोटे नसते. तरीही ‘शस्त्रक्रियेनंतर बरे वाटले’ या विधानापासून ‘शस्त्रक्रियेमुळे बरे वाटले’ या विधानापर्यंतचे अंतर कापायला या शाखेला अनेक दशके लागली, आणि ते अजून पुरते कापून झालेले नाही. अस्थिरोगांवरील वैद्यकीय चाचण्यांमध्ये रुग्णांच्या पाठपुराव्याचे काम मी करते. शस्त्रक्रियागृहापेक्षा त्यानंतरच्या दीड-दोन वर्षांतले दूरध्वनी आणि प्रश्नावल्या हाच माझा रोजचा प्रांत असल्याने, पुढे जे लिहिले आहे ते त्या बाजूने दिसलेले आहे.

सांधे, मणके आणि स्नायू यांच्या दुखण्याची खोड अशी की ते एका पातळीवर कधीच राहत नाही. चार आठवडे बरे जातात, मग पंधरा दिवस असह्य होतात, मग पुन्हा उतार पडतो. माणूस डॉक्टरांकडे येतो तो बहुधा दुखणे शिगेला पोहोचल्यावर, आणि शस्त्रक्रियेला होकार देतो तोही अशाच वेळी. त्यानंतर काहीही केले किंवा काहीच केले नाही, तरी पुढच्या काही महिन्यांत ते दुखणे खाली येण्याचीच शक्यता अधिक असते. मोडलेले हाड तर बहुतेक वेळा स्वतःच्याच बळावर जुळते. प्लॅस्टर किंवा पट्टी त्याला जागेवर धरून ठेवते एवढेच. यात आणखी एका गोष्टीची भर पडते. दाखल होणे, उपाशी राहणे, भूल, टाके, आठवडाभराची सक्तीची विश्रांती आणि नंतरची फिजिओथेरपी हा सगळा सोहळाच एवढा मोठा असतो की, आत प्रत्यक्ष काय कापले आणि काय शिवले हे बाजूला ठेवले तरी, त्या सोहळ्याचा स्वतःचा परिणाम उरतोच. गोळीचा परिणाम तपासायचा तर साखरेची गोळी देता येते; शस्त्रक्रियेचा परिणाम तपासायचा तर तुलनेला काय ठेवायचे, हा या शाखेतील संशोधनाचा मूळ पेच आहे.

निकालाची नोंद ठेवली पाहिजे, हा आग्रह मात्र बराच जुना. बॉस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच प्रत्येक रुग्णामागे एक कार्ड ठेवण्याची पद्धत सुरू केली. रुग्णाला काय झाले होते, काय केले आणि वर्षभराने तो कसा आहे, आणि तो बरा नसेल तर का नाही, एवढेच त्यावर लिहायचे होते. रुग्णालयांनी हे निकाल जाहीर करावेत असेही त्यांचे म्हणणे होते. सहकाऱ्यांना ते मुळीच रुचले नाही. १९१४ साली कॉडमन मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधून बाहेर पडले, आणि स्वतःच्या छोट्या रुग्णालयात त्यांनी आपल्या चुकांसकट सर्व नोंदी छापून दाखवल्या. खांद्याच्या विकारांवरील त्यांचे काम आजही अस्थिरोगतज्ज्ञांना ठाऊक असते. कार्डाच्या कल्पनेची आठवण मात्र शाखेला फार उशिरा आली. अर्थात नुसत्या कार्डाने वर सांगितलेला पेच सुटत नाही. वर्षभराने रुग्ण कसा आहे हे कार्ड सांगते, शस्त्रक्रिया केली नसती तर तो कसा असता हे सांगत नाही.

तो दुसरा प्रश्न थेट विचारण्याचे धाडस ह्यूस्टनच्या एका गटाने केले. ब्रूस मोझली आणि सहकाऱ्यांनी २००२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत झिजेच्या संधिवाताने गुडघा दुखणारे १८० रुग्ण होते. दुर्बिणीतून गुडघा धुणे आणि आतली खरखरीत झालेली कूर्चा तासून साफ करणे हे उपचार त्या काळी सर्रास होत असत. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले गेले. एका गटाचा गुडघा नुसता धुतला, दुसऱ्याचा धुऊन तासला, आणि तिसऱ्याचे फक्त सोंग केले. हे सोंग कसे वठवले ते वाचण्यासारखे आहे. रुग्णाला शिरेतून गुंगीचे आणि वेदनाशामक औषध दिले गेले, गुडघा निर्जंतुक करून कापडाने झाकला गेला, त्वचेवर सुमारे एक सेंटिमीटरचे तीन छेद घेतले गेले. मग शल्यचिकित्सकाने नेहमीप्रमाणे एकेक हत्यार मागितले, गुडघा नेहमीसारखा वाकवला आणि फिरवला, आणि धुण्याचा आवाज यावा म्हणून सलाईनचे पाणी उडवले. छेदांतून आत मात्र काहीच गेले नाही. खऱ्या शस्त्रक्रियेला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ रुग्णाला आत ठेवले गेले, आणि रात्री त्याची देखभाल करणाऱ्या परिचारिकांनाही त्याचा गट ठाऊक नव्हता. दोन वर्षांच्या पाठपुराव्यात एकाही टप्प्यावर धुतलेल्या किंवा तासलेल्या गुडघ्यांचे दुखणे सोंग केलेल्या गुडघ्यांपेक्षा कमी आढळले नाही. चालण्याच्या आणि जिना चढण्याच्या क्षमतेतही त्यांची सरशी झाली नाही. तिसऱ्या गटातील माणसांनाही बरे वाटत होते, ही यातली खरी गोम आहे.

आक्षेप घेतले गेले आणि त्यांतले काही रास्त होते. सर्व शस्त्रक्रिया एकाच शल्यचिकित्सकाने केल्या होत्या, रुग्ण माजी सैनिकांच्या रुग्णालयातले आणि बहुतांश पुरुष होते, आणि निकषांत बसणाऱ्या ३२४ जणांपैकी १४४ जणांनी सहभागच नाकारला होता. शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ‘कदाचित माझी खोटी शस्त्रक्रिया होईल’ असे लेखी कबूल करणारा माणूस इतरांसारखाच असतो का, याचे उत्तर चाचणीच्या आतून मिळू शकत नाही. म्हणूनच २००८ साली कॅनडातील गटाने वेगळ्या मांडणीने तोच प्रश्न तपासला, हे बरे झाले. त्यात सोंग नव्हते. दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि तिच्या जोडीला औषधे व व्यायाम, विरुद्ध नुसती औषधे व व्यायाम, अशी तुलना होती. निष्कर्ष तोच निघाला. २०१३ मध्ये फिनलंडमधील पाच केंद्रांनी सांध्याची झीज नसलेले, पण गुडघ्याची गादी, म्हणजे मेनिस्कस, वयोमानाने फाटलेले १४६ रुग्ण घेतले. त्यांत गादीचा फाटका भाग खरोखर कापून काढणे आणि दुर्बीण आत घालून नुसते पाहणे यांची तुलना केली गेली. वर्षभराने दोन्ही गट सुधारले होते, आणि त्यांच्यात दखल घेण्याजोगा फरक नव्हता.

मणक्यांच्या बाबतीत सोंगाची तयारी याहून बारकाईने करावी लागली. हाडांच्या ठिसूळपणामुळे दबलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याची व्हर्टिब्रोप्लास्टी नावाची प्रक्रिया झपाट्याने पसरत असताना, २००९ साली तिच्यावरील दोन चाचण्या एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात आल्या. त्यातील एक ऑस्ट्रेलियातील ७८ रुग्णांची होती, दुसरी १३१ रुग्णांची. या प्रक्रियेत रुग्ण जागा असतो, आणि सिमेंट कालवताना खोलीभर एक उग्र वास सुटतो. तेव्हा सोंगाच्या गटातही तो वास सुटेल याची व्यवस्था केली गेली, पाठीवर दाब दिला गेला, आणि चाललेल्या कामाला शोभतील असेच शब्द उच्चारले गेले. दोन्ही चाचण्यांत सिमेंटचा गट वरचढ ठरला नाही. गोष्ट इथे संपली नाही, आणि ती संपली नाही हे सांगणे आवश्यक आहे. २०१६ साली, फ्रॅक्चर होऊन सहा आठवडेही न झालेल्या रुग्णांवरील एका चाचणीत सिमेंटचा फायदा दिसला. २०१८ मध्ये १८० रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत सोंगाच्या तुलनेत तो पुन्हा दिसला नाही. कोणत्या रुग्णाला, दुखणे सुरू झाल्यापासून किती दिवसांत आणि कोणत्या तंत्राने, हे तपशील बदलले की प्रश्नच बदलतो, आणि मथळे वाचून मत बनवणाऱ्याला ते कळत नाही.

सोंगाच्या शस्त्रक्रियेत अनैतिक काहीतरी आहे असे अनेकांना वाटते, आणि ती भावना मी हसण्यावारी नेत नाही. निरोगी त्वचेवर छेद घेणे, माणसाला गुंगी देणे, आणि हे सर्व त्याच्या भल्यासाठी नाही हे ठाऊक असताना करणे याला भक्कम समर्थन लागते. पण दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. जी शस्त्रक्रिया सोंगाहून सरस नाही ती लाखो लोकांवर, खऱ्या भुलीच्या आणि खऱ्या जंतुसंसर्गाच्या धोक्यासह, वर्षानुवर्षे होत राहते, आणि त्या लाखोंची संमती घेताना त्यांना यातले काहीच सांगितलेले नसते. चाचणीतल्या रुग्णाला निदान आपली फसवणूक होऊ शकते हे आधी कळवलेले असते. ब्रिटनमधील खांद्याच्या चाचणीने यावर एक शहाणा तोडगा काढला. खांद्याच्या वरच्या हाडाचा थोडा भाग तासून स्नायूबंधाला जागा करून देण्याची शस्त्रक्रिया तपासताना त्यांनी ३१३ रुग्णांचे तीन गट केले. एकावर पूर्ण शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्यावर दुर्बिणीची नुसती तपासणी, आणि तिसऱ्यावर काहीच नाही. २०१८ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या निकालानुसार पहिले दोन गट सारखे निघाले. काहीच न केलेल्या गटापेक्षा ते किंचित पुढे होते, पण तो फरक रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणावा इतका नव्हता. तासण्याचा परिणाम आणि सोहळ्याचा परिणाम अशा रीतीने वेगवेगळे मोजता आले.

हे सर्व वाचून अस्थिशल्यचिकित्सा म्हणजे महागडी समजूत आहे असा निष्कर्ष काढणारे लोक मला नेहमी भेटतात, आणि तो निष्कर्ष उतावळेपणाचा आहे. २०१५ साली डेन्मार्कमधील चाचणीत, सांधेरोपण करण्याइतपत गुडघा झिजलेल्या १०० रुग्णांपैकी निम्म्यांचा सांधा बदलून त्यांना व्यायाम, आहार आणि औषधांची योजना दिली गेली. उरलेल्यांना सांधा न बदलता तीच योजना मिळाली. वर्षभराने शून्य ते शंभरच्या मोजपट्टीवर पहिला गट सरासरी ३२.५ गुणांनी सुधारला, दुसरा १६ गुणांनी. फरक स्पष्ट होता, आणि तितक्याच स्पष्टपणे गंभीर दुष्परिणामही पहिल्या गटात जास्त होते. बिगरशस्त्रक्रियेचा गटही सुधारला होता, आणि वर्षभरात त्यातील सुमारे एक चतुर्थांश लोकांनीच सांधा बदलून घेतला होता. गुडघ्यातील पुढचा क्रूसबंध, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तो तुटून बराच काळ लोटला असेल आणि गुडघा दगा देत असेल, तर शस्त्रक्रियेने पुनर्बांधणी करणे व्यायामापेक्षा सरस ठरते, असे २०२२ साली ब्रिटनमधील ३१६ रुग्णांच्या चाचणीत दिसले. चाचणी म्हणजे शस्त्रक्रियेविरुद्धचा खटला नव्हे.

या शेवटच्या चाचणीत व्यायामाच्या गटातील ४१ टक्के लोकांनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतली, आणि इथे या क्षेत्रातील दुसरे मोठे दुखणे येते. औषधांच्या चाचणीत गोळी कोणती हे रुग्णाला कळत नाही, म्हणून तो गट बदलत नाही. शस्त्रक्रियेच्या चाचणीत आपले ऑपरेशन झालेले नाही हे त्याला पक्के ठाऊक असते, आणि दुखू लागले की तो पलीकडच्या गटात जाऊन बसतो. अमेरिकेतील कमरेच्या सरकलेल्या चकतीवरील, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या स्पोर्ट या चाचणीत शस्त्रक्रियेच्या गटात पडलेल्यांपैकी जेमतेम निम्म्यांची शस्त्रक्रिया पहिल्या तीन महिन्यांत झाली, तर शस्त्रक्रिया न करण्याच्या गटातील ३० टक्के लोकांनी त्याच काळात ती करून घेतली. आता हिशेब कसा मांडायचा? ज्याला जो गट नेमून दिला त्याला त्याच गटात मोजायचे हा कडक नियम आहे, आणि तो बरोबरच आहे. लोकांना त्यांनी प्रत्यक्ष घेतलेल्या उपचारानुसार मोजू लागलो, तर चिठ्ठ्या टाकून मिळवलेला समतोल त्याच क्षणी मोडतो. ज्याचे दुखणे अधिक तोच पलीकडे जातो, आणि मग आपण उपचारांची नव्हे, दुखण्यांची तुलना करू लागतो. पण नियम पाळूनही दोन गट एकमेकांत इतके मिसळले असतील, तर खरा फरकही पुसट होतो. त्या चाचणीतील दोन्ही गटांत भरीव सुधारणा झाली, फरक लहान निघाला, आणि एवढ्या अदलाबदलीनंतर कोणता उपचार सरस ते ठामपणे सांगता येत नाही, असे लेखकांनीच नमूद केले. मला ते प्रामाणिक वाटले. अनेक शोधनिबंधांत अशा वेळी दुसऱ्याच एखाद्या हिशेबाचा आकडा ठळक छापला जातो.

मोजायचे काय, यावरही बरेच अवलंबून असते. खुब्याची अवस्था गुणांत मोजणारा, १९६९ साली आलेला हॅरिस हिप स्कोअर प्रामुख्याने शल्यचिकित्सकाने रुग्णाला तपासून भरायचा असे. १९९६ सालचा ऑक्सफर्ड हिप स्कोअर आणि त्यामागोमाग १९९८ मध्ये आलेला गुडघ्याचा स्कोअर हे दोन्ही रुग्णाने स्वतः भरायचे. बारा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण अठ्ठेचाळीस. ज्याने ऑपरेशन केले त्यानेच ‘आता कसे वाटते?’ असे विचारले तर बहुतेक माणसे भिडेखातर ‘छान’ म्हणतात, म्हणून हा बदल फार मोलाचा होता. तरी प्रश्नावलीही वाटते तितकी निर्मळ नसते. गेल्या चार आठवड्यांत घरातली खरेदी एकट्याने करता आली असती का, या प्रश्नाला मला फोनवर मिळणारे उत्तर पुष्कळदा ‘आता मुलगाच जातो’ असे असते. प्रश्न क्षमतेचा असतो, उत्तर घरातल्या व्यवस्थेचे येते. रात्री गुडघ्याच्या दुखण्याने झोप मोडते का, असे विचारले तर झोप मोडते, पण ती कमरेमुळे, असे कळते. अशा वेळी प्रश्न आहे त्याच शब्दांत पुन्हा वाचून दाखवायचा, समजावून सांगायचा नाही, हा नियम आहे. कारण प्रत्येक विचारणारा आपापल्या परीने समजावू लागला तर दोन केंद्रांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येणार नाहीत. नियम मला मान्य आहे, पण तो पाळताना समोरच्याशी उद्धटपणे वागल्यासारखे वाटते हेही खरे.

क्ष-किरण चित्र आणि माणसाचे हालहवाल यांची फारकत तर अस्थिरोगात पावलोपावली दिसते. मनगटाचे हाड मोडून मागे सरकले की ते तारांनी धरावे की धातूची पट्टी आणि स्क्रूंनी, यावर ब्रिटनमधील १८ केंद्रांत ४६१ रुग्णांची चाचणी झाली आणि तिचा निकाल २०१४ साली आला. पट्टीचे चित्र डोळ्यांना सुबक दिसते, तंत्र आधुनिक आहे, खर्च अधिक आहे. वर्षभराने मनगटाच्या दुखण्यात आणि वापरात मात्र फरक निघाला नाही. यात एक अट होती, आणि ती विसरून हा निकाल सांगितला जातो, म्हणून मुद्दाम लिहिते: सांध्याचा पृष्ठभाग बाहेरून ओढून जागेवर बसत नसेल अशी फ्रॅक्चर या चाचणीत घेतलेलीच नव्हती. खांद्याजवळ दंडाचे हाड मोडून सरकलेल्या २५० रुग्णांच्या २०१५ सालच्या चाचणीतही शस्त्रक्रिया आणि झोळी यांच्यात दोन वर्षांनी फरक दिसला नाही. लहान मुलांच्या मनगटाचे हाड नुसते दबून फुगते त्या फ्रॅक्चरला, २०२२ सालच्या ९६५ मुलांच्या चाचणीप्रमाणे, साधी पट्टी कडक आधाराइतकीच पुरते. त्यात मुलांनी तिसऱ्या दिवशीचे दुखणे चेहऱ्यांच्या चित्रांवर बोट ठेवून सांगितले होते.

माझ्या मते गेल्या वीस वर्षांतील सर्वांत उपयुक्त संशोधन हे चमकदार शोधांचे नसून अशा बिनझगमगाटाच्या प्रश्नांचे आहे. हाड त्वचेबाहेर आलेल्या उघड्या फ्रॅक्चरची जखम कशाने धुवावी? साबणाच्या द्रावणाने जंतू अधिक निघतील, जोरदार फवाऱ्याने घाण अधिक निघेल, हे प्रयोगशाळेत पटण्यासारखे होते. फ्लो या चाचणीत पाच देशांतील ४१ केंद्रांनी, त्यांत भारतातीलही केंद्रे होती, अडीच हजारांवर रुग्ण घेतले आणि २०१५ साली निकाल दिला. फवारा जोराचा असो की पाणी नुसते उंचावरून सोडलेले असो, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. साबणाने मात्र ते वाढले, १४.८ टक्के विरुद्ध साध्या सलाईनचे ११.६ टक्के. हा तीन टक्क्यांचा फरक दोनशे रुग्णांच्या अभ्यासात कधीच निर्विवाद दिसला नसता. अस्थिरोगातील जुन्या वाङ्मयाचा मोठा भाग अशा छोट्या अभ्यासांचा आहे, आणि त्यांतील ‘फरक आढळला नाही’ याचा अर्थ बहुतेकदा ‘फरक शोधण्याइतके रुग्णच नव्हते’ एवढाच असतो.

मोठ्या चाचण्याही एकमेकींशी भांडतात. पायांतील रक्ताच्या गाठी टाळण्यासाठी साधी ॲस्पिरीन पुरे की हेपॅरिनची इंजेक्शने हवीत, या प्रश्नावर २०२३ साली फ्रॅक्चरच्या १२,२११ रुग्णांच्या चाचणीत नव्वद दिवसांतील मृत्यूंच्या बाबतीत ॲस्पिरीन मागे पडली नाही, प्रमाण ०.७८ टक्के विरुद्ध ०.७३ टक्के होते. त्याच्या वर्षभर आधी ऑस्ट्रेलियात खुबा आणि गुडघा बदललेल्या रुग्णांत लक्षणे देणाऱ्या गाठी ॲस्पिरीनच्या गटात ३.४५ टक्के आणि इंजेक्शनच्या गटात १.८२ टक्के आढळल्या होत्या, आणि ॲस्पिरीन तिथे उणी ठरली होती. एका चाचणीत फ्रॅक्चरचे रुग्ण, दुसरीत सांधेरोपणाचे. एकीत मुख्य मोजमाप मृत्यूचे, दुसरीत गाठींचे. दोन्ही खऱ्या असू शकतात, आणि ‘ॲस्पिरीन चालते का’ असा मोघम प्रश्न विचारणाऱ्याला दोन्हींपैकी एकीचेही उत्तर लागू पडत नाही.

ज्या गोष्टी दहा वर्षांनी बिघडतात त्यांच्यापुढे चाचणी हतबल असते. खुब्याच्या कृत्रिम सांध्याचे जनक जॉन चार्नली यांनी सुरुवातीला टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या. रुग्ण आधी खूश होते. मग वाट्या झिजू लागल्या आणि झिजेचा कचरा भोवतालच्या ऊतींना छळू लागला. नंतर त्यांनी टेफ्लॉनचे आणि नव्या पॉलिथिलीनचे नमुने स्वतःच्याच मांडीत रोवून कोणता भाग चिघळतो ते पाहिले, आणि १९६२ पासून पॉलिथिलीन वापरले. आज असा मार्ग कोणी घेणार नाही, आणि त्याची जागा राष्ट्रीय नोंदण्यांनी घेतली आहे. स्वीडनने गुडघ्यांची नोंदणी १९७५ साली आणि खुब्यांची १९७९ साली सुरू केली. नॉर्वेची १९८७ ची, ऑस्ट्रेलियाची १९९९ ची, इंग्लंड आणि वेल्सची २००३ ची. बसवलेला प्रत्येक सांधा आणि काढलेला प्रत्येक सांधा नोंदला जातो, म्हणून कोणता सांधा लवकर काढावा लागतो हे काही वर्षांत उघडे पडते. बोनलॉक नावाचे हाडाचे सिमेंट नॉर्वेच्या नोंदणीमुळेच १९९५ साली उघडे पडले. डिप्यू कंपनीचा एएसआर हा धातूवर धातू घासणारा खुबा ऑस्ट्रेलियाच्या नोंदणीत आधीपासून खटकत होता. कंपनीने तो २०१० च्या ऑगस्टमध्ये परत बोलावला, तोवर जगभरात सुमारे ९३ हजार सांधे विकले गेले होते. धोक्याची नोंद होणे आणि त्या नोंदीवर कारवाई होणे यांत गेलेली वर्षे मला संशोधनाच्या उणिवेपेक्षा नियमनाची उणीव वाटतात. आकडे होते, ते कोणाला तरी गैरसोयीचे होते.

नोंदणीला न दिसणारे एक क्षेत्र उरते, आणि तेच माझ्या कामाचे. काढलेला सांधा नोंदला जातो. दुखत असलेला पण न काढलेला सांधा नोंदला जात नाही, तो रुग्णाला विचारूनच कळतो, आणि रुग्ण सापडला तरच विचारता येतो. समजा शंभर जणांवर शस्त्रक्रिया झाली, दोन वर्षांनी ऐंशी जण फोनवर भेटले, आणि त्यांतील चौघांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती. निबंधात पाच टक्के छापले जाईल. न भेटलेल्या वीस जणांपैकी पाच जणांनी दुसरीकडे जाऊन ती करून घेतली असेल, तर खरा आकडा नऊ टक्के होतो, जवळजवळ दुप्पट. न भेटणारी माणसे दोन टोकांची असतात. एक जो इतका बरा आहे की त्याला आता आमच्याशी कर्तव्य नाही, आणि दुसरा जो इतका नाराज आहे की त्याने डॉक्टरच बदलले. कोणते टोक जड आहे हे बाहेरून सांगता येत नाही. शोधनिबंधात किती जण निसटले याचा आकडा एखाद्या तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो. वाचणाऱ्याने निष्कर्षाच्या आधी तो पाहावा, आणि दोन गटांतून सारखेच लोक निसटले का हेही पाहावे, कारण एका गटातून पाच आणि दुसऱ्यातून वीस गेले असतील तर वरचे सर्व हिशेब डळमळीत होतात. फोन लागला की मी बारा प्रश्नांकडे वळण्याआधी एकच विचारते: याच गुडघ्यासाठी दुसरीकडे कुठे दाखवले का, आणि तिथे काही केले का. ‘हो’ असे उत्तर आले तर उरलेले बाराही प्रश्न मी विचारतेच, फक्त शेजारच्या रकान्यात ती तारीख आधी लिहून घेते.